दुसऱ्या सहीवाचून माल सुटत नाही

वस्तीत लसीकरणाचा दिवस असला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. दीड महिन्याच्या बाळाला सुई दिली, अडीच महिन्यांचे झाल्यावर दिली, साडेतीन महिन्यांचे झाल्यावर दिली. पुन्हा नवव्या महिन्यात बोलावतात, दीड वर्षाचे झाले की पुन्हा बोलावतात. ‘‘एक सुई पुरस नही का, भाऊ?’’ असे एखादी आजी आपल्या अहिराणीत विचारते. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. रोजंदारी बुडवून, कडेवर पोर घेऊन, तासभर रांगेत बसणाऱ्या बाईला कारण विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. सरकारी पत्रकात त्याचे उत्तर ‘पूर्ण संरक्षणासाठी’ एवढेच छापलेले असते. नर्सताईंच्या समोर साठ-सत्तर बाळे असतात, त्यांना समजावून सांगायला वेळ नाही. म्हणून या सदरात आज तोच विषय घेतला आहे.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून वीस वर्षे कार्यालयात बिले तपासतो आहे. परंतु वाचकहो, शरीराच्या या कामाबद्दल वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले की आपल्या रक्तातला कारभार समजायला कारकुनाची नजर बरीच उपयोगी पडते. तिथेही मागणीपत्र आहे, मंजुरी आहे, प्रतिस्वाक्षरी आहे, आवक-जावक आहे, आणि रेकॉर्ड रूमसुद्धा आहे.

रक्तात पांढऱ्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. त्यांतल्या एका प्रकाराला बी-पेशी म्हणतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर एका ठरावीक आकाराचे प्रथिन बसवलेले असते. त्यालाच प्रतिपिंड म्हणजे अँटीबॉडी म्हणतात. एका पेशीच्या अंगावर एकच आकार. दुसऱ्या पेशीच्या अंगावर दुसरा. असे कोट्यवधी निरनिराळे आकार घेऊन या पेशी रक्तात आणि काखेतल्या, जांघेतल्या, गळ्यातल्या गाठींत फिरत असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना, ती हीच गाठ. रोगजंतूचा एखादा भाग ज्या पेशीच्या आकारात नेमका बसतो, ती पेशी जागी होते. ही पहिली सही.

आता इथे लोकांचा असा समज असतो की जंतू आला, पेशी जागी झाली, प्रतिपिंडे सुटली. इतके सरळ नाही. पहिल्या सहीवर फार थोडा माल निघतो. पेशीला दुसरी सही लागते आणि ती सही टी-पेशी नावाची दुसऱ्या विभागातली पेशी करते. बी-पेशी पकडलेला जंतू गिळते, त्यातल्या प्रथिनाचे तुकडे करते आणि एक तुकडा आपल्या दारावर टांगून टी-पेशीला दाखवते. म्हणजे बिलासोबत जोडपत्र लावावे तसेच. टी-पेशी तो तुकडा ओळखते. ओळख पटली तरच ती आपल्या अंगावरची एक खूण बी-पेशीच्या अंगावरच्या खुणेला टेकवते. शास्त्रज्ञांनी या जोडीला सीडी-40 आणि सीडी-40 लिगँड अशी रुक्ष नावे दिली आहेत. सोबत टी-पेशी काही रसायनेही सोडते. त्यांना इंटरल्यूकिन म्हणतात आणि त्यांना 4, 6, 21 असे नंबर आहेत, आपल्या फॉर्मना असतात तसे.

ही दुसरी सही कशासाठी? ज्या कारणासाठी कार्यालयात बिल तयार करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असतो, त्याच कारणासाठी. बी-पेशींचे आकार मगजात नशिबाने पडतील तसे पडतात. त्यांतला एखादा आकार आपल्याच सांध्याला, आपल्याच मूत्रपिंडाला बसणारा निघू शकतो. एका सहीवर माल सुटू लागला तर शरीर स्वतःवरच हत्यार उगारील. ही तपासणी ढिली पडते तेव्हा काय होते ते ल्युपससारख्या आजारात दिसते.

आणि दुसरी सही अजिबातच नसेल तर? काही मुलगे जन्मतःच असे असतात की त्यांच्या टी-पेशींना ती सही करताच येत नाही, कारण सीडी-40 लिगँडचा जनुक बिघडलेला असतो. हा बिघाड 1993 साली सापडला. अशा मुलाच्या रक्तात आयजीएम नावाची कच्ची, पहिल्या खेपेची प्रतिपिंडे भरपूर असतात, पण आयजीजी आणि आयजीए ही पक्की प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. बाळ वारंवार न्यूमोनियाने आजारी पडते. घरचे लोक दृष्ट काढतात, भगताकडे नेतात, दवाखाने बदलतात. आपल्या राज्यात अशा जन्मजात दोषांची तपासणी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. ज्या घरात एकापाठोपाठ एक मुलगे लहानपणीच छातीच्या आजाराने गेले आहेत, त्या घराने हा पत्ता लक्षात ठेवावा. इथे नशिबाला बोल लावण्यापेक्षा रक्त तपासणे उपयोगाचे आहे, कारण इतरांच्या रक्तातली प्रतिपिंडे दर महिन्याला देऊन अशी मुले जगवता येतात, आणि काहींना मगजाचे रोपण करता येते.

दोन्ही सह्या झाल्या की पुढे जे घडते ते वाचून मी थक्क झालो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कपाशीचा हंगाम सुरू झाला की जिनिंग फॅक्टरीचे जसे रूप पालटते, तसे त्या पेशीचे पालटते. बाकीची सगळी कामे बंद, एकच माल, दिवसरात्र. ब्लिम्प-1 नावाचे एक प्रथिन 1994 साली ओळखले गेले. ते पेशीतल्या जुन्या कामांची बटणे बंद करते. ही पेशी आता बी-पेशी राहत नाही, वाटून वाढतही नाही. एक्सबीपी-1 नावाचे दुसरे प्रथिन पेशीतला प्रथिने घडवण्याचा विभाग कित्येक पटींनी वाढवते. त्याच्यावाचून हा कारखाना उभाच राहत नाही, हे 2001 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. अशा तयार झालेल्या पेशीला प्लाझ्मा पेशी म्हणतात. एक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारोंच्या हिशेबात प्रतिपिंडे बाहेर टाकते. धडधाकट माणसाचे शरीर रोज काही ग्रॅम प्रतिपिंडे बनवते. लिटरभर रक्तद्रवात एकट्या आयजीजीचेच साधारण 10 ग्रॅम असतात. ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदाच शिजते, तिथल्या पोराच्या शरीराने हा माल कशातून काढायचा, याचाही विचार व्हायला हवा. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

एक बारीक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बी-पेशीच्या अंगावर बसवलेले प्रतिपिंड आणि प्लाझ्मा पेशीने रक्तात सोडलेले प्रतिपिंड, दोन्ही एकाच जनुकावरून तयार होतात. फरक फक्त शेपटीचा. हुकमाची नक्कल काढताना शेवटचा भाग एके ठिकाणी तोडला तर प्रतिपिंडाला पेशीत रुतून बसणारी शेपटी येते, दुसऱ्या ठिकाणी तोडला तर शेपटी गळते आणि प्रतिपिंड मोकळे सुटते. हे 1980 साली कळले. मूळ मसुदा एकच, पण बाहेरून आलेल्या संदेशाप्रमाणे टंकलेखकाने कुठे थांबायचे ते ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण दुसऱ्या सहीचा सगळ्यात मोठा उपयोग लसीच्या कारखान्यात झाला आहे.

न्यूमोनिया, मेंदूज्वर, टायफॉइड यांच्या काही जंतूंच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे वेष्टन असते. ही साखर चहात घालतो ती नव्हे, रसायनशास्त्रातली लांब साखळीची साखर. बी-पेशीला ती पकडता येते, पण टी-पेशीला वाचता येतो तो प्रथिनाचा तुकडा. साखर तिला वाचता येत नाही. म्हणजे जोडपत्रच कोरे! परिणाम असा की दुसरी सही होत नाही. मोठ्या माणसात तरी थोडाफार माल निघतो, पण दोन वर्षांच्या आतल्या बाळात जवळजवळ काहीच निघत नाही. आणि जो निघतो त्याची नोंद राहत नाही. टायफॉइडची जुनी साखरेची लस दोन वर्षांच्या आत देता येत नसे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे, ती यामुळेच.

यावरची युक्ती अमेरिकेतल्या अ‍ॅव्हरी आणि गोबेल या दोघांनी 1929 साली दाखवली होती. साखरेला एखादे प्रथिन चिकटवून द्या. बी-पेशी साखर पकडते, सोबत प्रथिनही गिळते, आणि दारावर प्रथिनाचा तुकडा टांगते. टी-पेशी तुकडा वाचून सही करते. माल निघतो तो साखरेविरुद्ध! खात्यातल्या एखाद्या मुरब्बी माणसाने अडलेल्या बिलाला योग्य कागद जोडून ते पुढे सरकवावे, अगदी तसे. ही युक्ती प्रत्यक्ष बाळांच्या लसीत यायला 1987 साल उजाडले. आज आपल्या बाळांना जी पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच रोगांची लस मिळते, तिच्यातला हिब नावाचा घटक याच पद्धतीचा आहे. न्यूमोनियाची पीसीव्ही लसही तशीच. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतात. खासगीत याच प्रकारच्या लसीला हजारो रुपये पडतात हे ज्यांनी मोजले आहेत त्यांना विचारा.

टायफॉइडच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने एक मोठे काम केले आहे, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने 2018 सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये प्रथिन जोडलेली टायफॉइडची लस 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांना दिली. पहिल्या टप्प्यातच 1 लाख 13 हजारांवर मुले. सार्वजनिक यंत्रणेने ही लस मोहीम काढून देण्याची ही जगातली पहिलीच वेळ. लस हैदराबादला तयार झालेली, देणाऱ्या आपल्याच नर्सताई. ज्यांच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते आणि ते ड्रमात साठवून प्यावे लागते, त्या धुळे-जळगावच्या वस्त्यांनी आपल्या नगरसेवकाला या मोहिमेबद्दल विचारायला काही हरकत नाही. स्वच्छ पाण्याची मागणी सोडायची नाही, ती पहिली. पण दोन्ही मागता येतात.

टायफॉइडचा विषय निघाला म्हणून ‘विडाल’ तपासणीबद्दलही लिहितो. खानदेशात कोणालाही तीन दिवस ताप आला की लॅबची चिठ्ठी हाती पडते आणि संध्याकाळी निकाल येतो, ‘विडाल पॉझिटिव्ह’. मग सलाईन, महागडी इंजेक्शने, दोन-तीन दिवस भरती, आणि सावकाराचे दार. ही तपासणी फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरने 1896 साली काढली. ती जंतू शोधत नाही. रक्तातली प्रतिपिंडे मोजते. आता वर सांगितलेला कारभार आठवा. पहिली सही, दुसरी सही, कारखान्याची उभारणी, मग माल. याला आठवडा लागतो. म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी खऱ्या टायफॉइडच्या रोग्यातही तपासणी बिनकामाची निघू शकते. आणि ज्याला पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला आहे किंवा ज्याने जुन्या प्रकारची लस घेतली आहे, त्याच्या रक्तात जुना माल शिल्लक असतो; वेगळ्याच तापाने तो ढवळून वर येऊ शकतो. तारीख नसलेल्या पावतीवरून देणे आजचे की गेल्या वर्षीचे हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्तातला जंतू वाढवून पाहणे. तिला पैसे जास्त पडतात आणि निकालाला काही दिवस लागतात, पण औषध सुरू करण्याआधी रक्त दिले आणि तिच्यात जंतू सापडला तर ते निदान खात्रीचे. सगळे डॉक्टर फसवतात असे मला म्हणायचे नाही. खेड्यातल्या दवाखान्यात कल्चरची सोय नसते, हेही खरे. परंतु एका विडालच्या कागदावर कर्ज काढण्यापूर्वी ‘‘डॉक्टरसाहेब, कल्चर करता येईल का?’’ एवढे विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

माल किती निघावा हे जसे संदेशांवर ठरते, तसा कोणत्या प्रकारचा निघावा हेही संदेशांवरच ठरते. आतड्याच्या भिंतीतल्या गाठींमध्ये जी रसायने असतात, ती पेशीला आयजीए बनवायला सांगतात. हे प्रतिपिंड आतड्यात आणि दुधात झिरपते. तोंडाने दिलेले पोलिओचे थेंब आतड्यात असा पहारा बसवत, सुई मुख्यतः रक्तात बसवते. शत्रू तोच, खिडकी वेगळी. 1995 साली सुरू झालेल्या पल्स पोलिओत थेंबांवरच भर होता, 13 जानेवारी 2011 रोजी देशातला शेवटचा रोगी सापडला आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता बाळांना थेंब आणि सुई दोन्ही देतात, त्यामागे हेच गणित आहे. बाळंतिणीच्या पहिल्या चिकातही आयजीए ठासून भरलेले असते. अजूनही काही घरांत हा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. आपल्या शरीराने नऊ महिने खपून तयार केलेला माल मोरीत ओतायचा, आणि मग टॉनिकच्या बाटल्या आणायच्या! सासूबाईंना नीट सांगा. सांगितल्यावर ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

डोसांमधल्या अंतराचे काय? पहिल्या डोसानंतर गाठीच्या आत एक प्रकारची परीक्षा चालते. बी-पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या आकारात बारीक बदल करून पाहतात, आणि ज्यांचा आकार जास्त घट्ट बसतो त्यांनाच टी-पेशी पुन्हा सही देते. बाकीच्या मरतात. ही गाळणी कित्येक आठवडे चालते. तिच्यातून निघालेल्या काही पेशी मगजात जाऊन वर्षानुवर्षे माल बनवत बसतात आणि काही स्मृतिपेशी होऊन नोंद सांभाळतात. दुसरा डोस येतो तो या निवडलेल्या पेशींसाठी. त्या वेळी माल पटकन, जास्त आणि चांगला निघतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत फार थांबता येत नाही, कारण घटसर्प आणि डांग्या खोकला याच वयात जीव घेतात. म्हणून तिथे चार-चार आठवड्यांचे अंतर आणि पुढे दीड वर्षाचा बूस्टर.

कोरोनाच्या वेळी याच अंतरावरून केवढा गोंधळ झाला ते सर्वांना आठवत असेल. 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा पुण्यात बनलेल्या कोविशिल्डच्या दोन डोसांत चार ते सहा आठवडे सांगितले. मार्चमध्ये सहा ते आठ केले. 13 मे रोजी बारा ते सोळा. लोक म्हणाले, लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली. लस कमी होती हे सत्यच आहे, पहाटे चारपासूनच्या रांगा आपण पाहिल्या. तरीही अंतर वाढवण्यामागे आधार होता. परदेशातल्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेणाऱ्यांत लसीचा गुण सुमारे 55 टक्के आणि बारा आठवड्यांनंतर घेणाऱ्यांत सुमारे 81 टक्के दिसला होता. हे आकडे त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाले होते. लोकांसमोर ते साध्या मराठीत मांडले असते तर निम्मा संशय निवळला असता. सांगायला माणसे होती, सांगण्याची इच्छा नव्हती, असे माझे मत आहे.

त्याच एप्रिल महिन्यात खानदेशातले कित्येक तरुण आपल्या माणसासाठी एका इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन नाशिक, औरंगाबाद, पुणे धुंडाळत होते. टोसिलिझुमॅब. ते काय करते? वर ज्या नंबर 6 च्या इंटरल्यूकिनचा उल्लेख केला, त्याचा संदेश अडवते. हे रसायन जपानमध्ये ओसाका येथे किशिमोतो आणि हिरानो यांच्या प्रयोगशाळेत 1986 साली हाती लागले, तेही ‘बी-पेशींना प्रतिपिंडे बनवायला लावणारा संदेश’ म्हणूनच. मागाहून कळले की तोच संदेश शरीरात ताप आणि सूजही पेटवतो. आणि गंमत अशी की त्याला अडवणारे टोसिलिझुमॅब हे स्वतःच प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड आहे. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांची मला धास्ती वाटते. कोणता संदेश, कोणत्या पेशीला, किती वेळ, हे न सांगता नुसते ‘वाढवा’ म्हणजे काय? त्या वर्षी दवाखान्यात जी माणसे दगावली, त्यांतल्या अनेकांच्या शरीरात काही संदेश प्रमाणाबाहेर वाढलेलेच होते.

संदेश थांबवण्याचे एक साधे उदाहरण आपल्या घरातलेही आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात. आईच्या बी-पेशींना त्या परक्या वाटतात, दोन्ही सह्या होतात आणि नोंद पक्की बसते. पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. पुढच्या बाळाचे रक्त मात्र आईची प्रतिपिंडे फोडतात. बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन दिले तर आईच्या पेशींना हुकूमच मिळत नाही. गर्भपात झाला असला तरी ते घ्यावे लागते, हे अनेक घरांना माहीत नसते. लागोपाठ मूल दगावले म्हणून सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ ठरवणाऱ्या घरांनी आधी तिचा रक्तगट पाहावा.

शेवटी गोवराबद्दल, कारण तो विषय आपल्या अगदी दाराशी आलेला होता. 2022 सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीला, भिवंडीला आणि आपल्या शेजारी मालेगावला गोवराची साथ पसरली. मुंबईत बाळे दगावली. मालेगाव म्हणजे धुळ्याहून एसटीने तासा-दीड तासाचा रस्ता. आपल्याकडे अजूनही ‘देवी आल्या’ म्हणून कडुलिंबाचा पाला टांगतात आणि गोवर हा सगळ्यांनाच होणारा किरकोळ आजार समजतात. वाचकहो, गोवराचा विषाणू काय करतो ते ऐका. तो नेमका त्या स्मृतिपेशींमध्येच शिरतो. म्हणजे चोर तिजोरीकडे न जाता रेकॉर्ड रूमला आग लावतो! नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचे रक्त गोवर होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर तपासले गेले. निकाल 2019 साली प्रसिद्ध झाला. गोवरानंतर दोन महिन्यांनी त्या मुलांच्या रक्तातून इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे 11 टक्क्यांपासून 73 टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. ज्या सर्दीशी, ज्या न्यूमोनियाशी ते मूल आधी लढून शिकले होते, त्या नोंदी गेल्या. गोवर उतरल्यावर वर्ष-दोन वर्षे मूल सारखे आजारी का पडते, याचे मोठे कारण हे आहे. लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूने असे होत नाही.

ज्या नोंदी अशा जळत नाहीत त्या किती टिकतात? 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून वाचलेल्या 32 वृद्धांचे रक्त अमेरिकेत तपासले तेव्हा त्यांची वये 91 ते 101 होती. त्या विषाणूविरुद्धच्या स्मृतिपेशी नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात जिवंत होत्या. हे 2008 साली छापून आले. लहानपणी एकदा लिहिलेली नोंद आयुष्यभर!

गोवराची पहिली सुई नवव्या महिन्यातच का, याचेही उत्तर याच कारभारात आहे. आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडे गर्भातच बाळाला मिळतात. ती शिल्लक असतात तोवर लसीतला विषाणू बाळाच्या बी-पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच आईचा माल त्याला पकडतो. पहिली सहीच होत नाही. आईचा साठा ओसरला की बाळाचा कारखाना सुरू करता येतो. तरीही नवव्या महिन्याच्या सुईने काही मुलांत नोंद बसत नाही, म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरी. हीच दुसरी सुई आपल्याकडे सर्वांत जास्त चुकते, असे मला घरोघर फिरताना दिसते. मूल दीड वर्षाचे होते तोवर कुटुंब चाळीसगाव-पारोळ्याकडून ऊसतोडीला गेलेले असते, किंवा वीटभट्टीवर, किंवा सुरतेला. परत येतात तेव्हा ‘तारीख गेली, आता काय उपयोग’ म्हणून कार्ड पेटीत पडून राहते.

तारीख गेली म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. स्मृतिपेशी वाट पाहत असतात. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे द्यायचे. मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर राहिलेली गोवर-रुबेलाची सुई आजही मिळते. गावाचे कार्ड सुरतेच्या सरकारी केंद्रातही चालते आणि तिथले इथे. कार्ड हरवले असेल तर बाळाला जिथे पहिली सुई दिली होती तिथल्या एएनएम ताईंकडे नोंदवही असते. बाळाच्या आईचे नाव आणि जन्माची तारीख सांगितली की त्या नोंद शोधून नवीन कार्ड लिहून देतात. ऊसतोडीला निघण्यापूर्वी कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, आणि टोळीतल्या एकाच्या तरी फोनमध्ये सगळ्या बाळांच्या कार्डांचे फोटो असावेत.